विश्लेषण : व्यापार कराराची गुप्तता कुठवर? शेतकऱ्याला किमान काय सांगायला हवे?

चिखली-खामगाव रस्त्यावरच्या अमडापूर परिसरात सोयाबीनच्या शेंगा भरत आहेत, कपाशीला बोंडे धरली आहेत. या पिकांचा भाव यंदा पावसाइतकाच दिल्लीतील आयात शुल्काच्या निर्णयांवर आणि अमेरिकेशी चाललेल्या व्यापार चर्चेवर अवलंबून आहे. पण त्या चर्चेची माहिती शेतकऱ्याला सरकारकडून कमी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून जास्त मिळते.

काय घडले?

३० मे २०२५ रोजी केंद्राने कच्च्या सोयाबीन तेलावरील मूळ सीमाशुल्क २० वरून १० टक्के केले. पेरणी तोंडावर होती. ७ ऑगस्टला अमेरिकेचे २५ टक्के शुल्क लागू झाले. त्याच दिवशी शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमारांच्या हिताशी तडजोड नाही, अशी ग्वाही पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दिल्लीत दिली. अकरा दिवसांनी कापसावरील ११ टक्के आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ झाले. २७ ऑगस्टला अमेरिकेचे शुल्क ५० टक्क्यांवर गेले आणि दुसऱ्याच दिवशी कापसाची माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. म्हणजे नवा कापूस बाजारात येण्याच्या ऐन काळात.

या निर्णयांमागे कारणे आहेत. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा, ग्राहकाला स्वस्त तेल हवे. शिवाय कापसाची माफी एकट्या अमेरिकेला नव्हती, सगळ्या देशांना होती. पण ‘तडजोड नाही’ आणि ‘शुल्क माफ’ या दोन बातम्या लागोपाठ आल्या आणि त्यांचा मेळ कुणी घालून दिला नाही, तर शेतकरी आपला अर्थ काढणारच.

गुप्तता का लागते?

बैलबाजारात सौदा रुमालाखाली, बोटांच्या खुणांवर होतो. आपण किती खाली उतरू शकतो, हे समोरच्याला कळले की भाव पडतो. वाटाघाटीतही तसेच. माहिती अधिकार कायद्यातील कलम ८ देशाचे आर्थिक हित बाधित करणारी माहिती रोखू देते, ते योग्यच आहे. पण रुमालाखाली भाव झाकलेला असतो, बैल नव्हे. कोणता बैल विकायला काढला, हे मालकाला माहीत असते. इथे मालकालाच ते ठाऊक नाही.

इतर देश काय करतात?

अमेरिकेशी बोलणी सुरू असतानाच युरोपीय संघाने जानेवारी २०१५ मध्ये आपले प्रस्ताव जनतेसमोर ठेवले. अमेरिकेच्या २०१५ च्या कायद्यात सहीच्या ६० दिवस आधी कराराचा मसुदा प्रसिद्ध करण्याची अट होती. आपल्याकडे अशा कराराला संसदेची मंजुरी बंधनकारक नाही. शेती राज्यांचा विषय असूनही करार केंद्र करते. त्यामुळे बोलण्याची जबाबदारी केंद्रावर अधिक येते.

सरकारने काय सांगावे?

• कोणती पिके चर्चेत आहेत आणि कोणती नाहीत.

• शुल्क बदलले तर का, कधीपर्यंत, त्याचा चर्चेशी संबंध आहे की नाही आणि भाव पडल्यास हमीभावाच्या खरेदीची तयारी काय.

• जे आज सांगता येत नाही, ते कधी सांगणार याची तारीख.

• सहीपूर्वी कराराचा मसुदा, मराठीसह भारतीय भाषांत.

यातून आपली बाजू दुबळी होईल, ही भीती फारशी खरी नाही. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी भारत ‘आरसेप’ करारातून बाहेर पडला, तेव्हा शेतकरी आणि दूध उत्पादकांचा विरोध जगजाहीर होता. ‘आमचा शेतकरी हे मान्य करणार नाही’ असे टेबलावर ठामपणे सांगता येते, ते शेतकऱ्याला विषय माहीत असतो तेव्हाच.

सोयाबीन पेरायचे की तूर, कापूस विकायचा की घरात ठेवायचा, हे निर्णय अमडापूरच्या शेतकऱ्याला एकदाच घेता येतात. अधिसूचनेची मुदत वाढवता येते, पेरणीची वाढवता येत नाही. म्हणून खुलासा भाव पडल्यावर नव्हे, निर्णयाच्या दिवशीच व्हायला हवा.