मूळ कोणासाठी होतं?



यंदाच्या दिवाळी अंकाचा विशेष विभाग ‘पानावरून पडद्यावर’ असा ठरला आणि पहिल्याच बैठकीत वाद पेटला तो फास्टर फेणेवरून. फाफे मोठा का झाला? त्याला शाळेतून उचलून थेट वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या रांगेत उभं करण्याचा अधिकार चित्रपटवाल्यांना कोणी दिला? लेखांची यादी, मुखपृष्ठ, जाहिराती सगळं बाजूला राहिलं. चहाचे पेले रिकामे झाले तरी कोणी उठेना. वाद घालणारे सगळे चाळिशीच्या पुढचे होते, आणि प्रत्येकजण आपल्या घरातलं काही चोरीला गेल्यासारखा बोलत होता. ही तळमळ मला फार मोलाची वाटते. एखाद्या पुस्तकासाठी पन्नाशीचा माणूस आवाज चढवून भांडतो, याचा अर्थ ते पुस्तक त्याच्यात अजून जिवंत आहे. म्हणून हा वाद थट्टेवारी न नेता नीट मांडावा, असं तेव्हाच ठरवलं.

भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे मूळचा फुरसुंगीचा. पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, अंगाने किरकोळ, सायकलवर स्वार, आणि संकटाचा वास आला की ‘ट्टॉक्’ करून तिकडेच धावणारा. १९८७ साली दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवनने तो साकारला, तेव्हाही फेणे शाळकरीच होता. २०१७ च्या ऑक्टोबरात, दिवाळी नुकतीच सरली असताना, आदित्य सरपोतदारांचा चित्रपट आला आणि त्यात अमेय वाघचा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देण्यासाठी पुण्यात येताना दिसला. एका मुलाचा मृत्यू, तो आत्महत्या म्हणून मिटवण्याची घाई, त्यामागचा शिक्षणाचा काळा बाजार, असं ते कथानक. खुद्द भा. रा. भागवत त्यात एक पात्र म्हणून आले, दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने. लेखकाला त्याच्याच नायकाचा यजमान करण्याची ही कल्पना मला मनापासून आवडली. फेण्याचं कुतूहल, अंगापेक्षा मोठ्या माणसांना भिडण्याची खोड, तोंडातला तो आवाज, हे सगळं चित्रपटात आहे. करणाऱ्यांनी पुस्तकं प्रेमाने वाचली होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तरीही बैठकीतल्या हरकतीत तथ्य आहे. मात्र ती ज्या कारणाने घेतली गेली ते कारण मला पटत नाही. आपल्या लहानपणीचा फेणे बदलला म्हणून आपण दुखावलो, ते दुःख आपलं, आणि आपण आता मोठे आहोत, ते सोसू शकतो. खरं नुकसान झालं ते त्या बैठकीत नसलेल्याचं. भागवतांनी ही पुस्तकं दहा-बारा वर्षांच्या वाचकासाठी लिहिली. ‘बालमित्र’ मासिक काढणारा, ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हातात देणारा हा लेखक आयुष्यभर एकाच वयाशी बोलत राहिला. त्या वयाच्या मुलाला फेणे वाचताना जे मिळतं ते साधं आहे: माझ्याच एवढा एक मुलगा, ज्याला मोठी माणसं गंभीरपणे घेत नाहीत, तो बरोबर ठरतो. चित्रपटातला नायक अठराच्या पुढे गेला आणि हे मिळणं संपलं. लहान मुलासाठी चित्रपटात जागा ठेवली आहे, पण ती नायकाच्या शेजारची. त्याची स्वतःची खुर्ची गेली.

माझ्या मते मुळात केलेला कोणताही बदल तोलायचा तो इथे. मूळ कृती ज्याच्यासाठी होती, त्याच्या हातून काय गेलं आणि त्याच्या हाती काय आलं, हे विचारायचं. पोशाख, नाव, रंग, गाव यांची जुळणी करत बसलं की वाद रंगतो, पण हाती काही लागत नाही.

कॉमिक्समधल्या वेताळाचं, म्हणजे फँटमचं, उदाहरण घ्या. सोलापुरात स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर नाहीतर रद्दीवाल्याकडे इंद्रजाल कॉमिक्स शोधत फिरलेली एक पूर्ण पिढी आज साठीच्या आसपास आहे. १९६४ च्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडियाने ही माला सुरू केली आणि १९९० मध्ये ती थांबली. त्या पिढीला १९९६ चा बिली झेनचा हॉलिवूडपट मानवला नाही. कवटीची गुहा बरी होती, पण ‘आपला’ वेताळ तो नव्हे, असं त्यांचं म्हणणं. आता ‘आपला’ वेताळ कोणता, ते पाहू. ली फॉकने १९३६ साली ही पट्टी सुरू केली तेव्हा ती वर्तमानपत्रात काळ्या-पांढऱ्या रंगात छापली जात होती. फॉकच्या मनात पोशाख करडा होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी आली आणि छपाईत तो जांभळा झाला. पुढे स्वीडन-नॉर्वेत तो निळा, इटली-ब्राझीलमध्ये लाल. इंद्रजालमध्येही सुरुवातीचा वेताळ निळ्या कपड्यांत होता, जांभळा तो नंतर झाला. फॉकच्या मूळ कथांमधला देश बंगालच्या नावाशी फार जवळचा आणि त्यातले चाचे ‘सिंग’. भारतीय वाचकाला ते खटकेल म्हणून इंद्रजालच्या संपादकांनी देशाचं डेंकाली केलं आणि चाच्यांचं सिंगा. म्हणजे ज्या मुळासाठी आपण भांडतो, ते आपल्या हाती पोचण्याआधीच कोणीतरी आपल्यासाठी बदललेलं होतं.

हे सांगून वाचकाचं तोंड बंद करावं असं मला मुळीच वाटत नाही. डेंकालीमुळे सोलापूरच्या मुलाचं काही गेलं नाही. उलट एक खुपणारा काटा निघाला आणि जंगल, ढोल, बुटके बांदर, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली शपथ हे सगळं त्याला निर्वेधपणे मिळालं. तो बदल वाचकाला समोर ठेवून झाला होता. चित्रपट फसला, तर तो रंगावर किंवा कापडावर फसला नाही. चारशे वर्षांच्या वंशाचं जे गूढ आपण एकेक चौकट पुढे सरकत, मनात मुरवत वाचलं होतं, ते पावणेदोन तासांत धावत सुटलं.

आपल्या शहराला खरं तर ‘मूळ एकच’ या कल्पनेची सवय कधी नव्हतीच. पूर्व भागातल्या घरात ‘चंदमामा’ तेलुगूत यायचा, दोन गल्ल्या सोडून तोच कन्नडमध्ये, आणि आमच्याकडे १९५२ पासून ‘चांदोबा’. चित्रं तीच, गोष्ट तीच, विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळही तोच. एका वाड्यातली पोरं आपापल्या भाषेतला अंक घेऊन एकत्र बसायची आणि पुढे काय झालं ते एकमेकांना सांगायची. ‘चंदमामा’ काढणारे नागी रेड्डी आणि चक्रपाणी म्हणजेच मद्रासच्या विजया प्रॉडक्शन्सचे चालक. त्यांच्या १९५७ च्या ‘मायाबाजार’वर आपल्या तेलुगू भाषक शेजाऱ्यांचं किती प्रेम आहे, हे मी वेगळं सांगायला नको. बलरामाची मुलगी शशिरेखा, तिचं अभिमन्यूवरचं प्रेम, आणि तिच्या रूपात मांडवात बसलेला घटोत्कच. व्यासांच्या महाभारतात ही कथा नाही. आपल्याकडे तिला वत्सलाहरण म्हणतात. बाबूराव पेंटरांनी १९२१ साली कोल्हापुरात हीच कथा ‘सुरेखाहरण’ नावाने मूकपटात आणली होती, आणि त्यात कृष्णाचं काम करून व्ही. शांताराम पहिल्यांदा पडद्यावर दिसले. मुळात नसलेली गोष्ट लोकांनी रचली, नाटकमंडळींनी वाढवली, चित्रपटांनी घराघरांत नेली. महाभारताचं त्यात काही उणं झालं नाही. आजी जे ऐकवत आली होती तेच नातवंडांना पडद्यावर मिळालं.

चिंटूची गोष्ट वेगळी. १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी तो सुरू केला, तेव्हा मराठी घरात सकाळी वर्तमानपत्र मागच्या पानापासून उघडायची पद्धत पडली. तीन-चार चौकटी, अर्ध्या मिनिटाचं वाचन. पप्पू, मिनी, राजू, बगळ्या, जोशीकाकू. रोज एक प्रसंग, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. चिंटू वाढत नाही, त्याची सुट्टी संपते आणि पुन्हा लागते. श्रीरंग गोडबोले यांनी २०१२ साली त्यावर चित्रपट केला तेव्हा त्यांच्यापुढे अवघड प्रश्न होता. दोन तासांच्या चित्रपटाला सुरुवात लागते, संकट लागतं, शेवट लागतो. पट्टीत यातलं काहीच नाही. त्यांनी मुलांच्या खेळायच्या जागेवर आलेलं संकट उभं केलं आणि टोळी एकत्र लढवली. पट्टीतला तो शेवटच्या चौकटीतला टोला, वडिलांच्या चेहऱ्यावरचं ते अवाक् होणं, याची बरोबरी चित्रपटाला करता आली नाही, असं माझं मत आहे. पण चिंटू मुलांचा होता आणि मुलांचाच राहिला, त्याचं वय कोणी चोरलं नाही. शहरातलं मैदान हातचं जाणं ही तर आजच्या प्रत्येक मुलाची स्वतःची अडचण आहे. मूळ ज्यांच्यासाठी होतं, त्यांना काही दिलं गेलं. पुढच्याच वर्षी दुसरा भागही आला.

वाचकांच्या भांडणाने काही होतं का, असा प्रश्न बैठकीत एका तरुण सहकाऱ्याने विचारला. होतं. १९६२ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी स्पायडर-मॅन आणला, तेव्हा पीटर पार्करने मनगटावरचं जाळं फेकणारं यंत्र स्वतः बनवलं होतं. सॅम रायमीच्या २००२ च्या चित्रपटात जाळं थेट त्याच्या शरीरातून निघू लागलं. वाचक चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. आई-वडिलांविना वाढलेल्या, खिशात पैसे नसलेल्या हुशार मुलाने आपल्या डोक्याने आणि हाताने केलेली ती वस्तू होती, तिच्यावर तशाच मुलांचा जीव होता. चित्रपट उत्तम चालला, तरी हरकत विसरली गेली नाही. २०१२ च्या नव्या चित्रपटात ते यंत्र पीटरच्या मनगटावर परत आलं.

आता आपल्या गावच्या उदाहरणाकडे येतो. इथे मात्र माझा सूर कडक होणार आहे.

१९४६ साली शांतारामांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर तो आधारलेला होता आणि चीनमध्ये सेवा केलेल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची भूमिका शांतारामांनी स्वतः केली. चित्रपटाच्या जाहिरातींनी आणि गाजावाजाने सोलापूरचं नाव देशभर गेलं, याचा अभिमान आपल्याला आहे आणि असायला हवा. त्या चित्रपटात एका भयंकर साथीवर लस शोधणं हा मोठा प्रसंग आहे, आणि शेवटी त्यांची चिनी पत्नी चिंगलान बाळाला घेऊन नवऱ्याच्या घरी, भारतात येते. लोक ढसाढसा रडले त्या प्रसंगाला.

प्रत्यक्षात कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि तिथे शल्यचिकित्सक म्हणून राबले. जपान्यांविरुद्धच्या १९४० च्या लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचं सांगितलं जातं. १९४१ च्या जानेवारीत ते डॉ. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. अपस्माराचे झटके वाढत गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या पत्नी, परिचारिका गुओ चिंगलान, तेव्हा चीनमध्येच राहिल्या. पुढे त्या अनेकदा भारतात येऊन कोटणीस कुटुंबाला भेटल्या. मुलगा यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ साली ऐन तारुण्यात वारला. २०१२ मध्ये चिंगलानही गेल्या, आणि त्याच वर्षी भय्या चौकातल्या कोटणीसांच्या घरी महापालिकेने स्मारक उभं केलं.

पुस्तकातलं पात्र बदललं तर पुस्तक उरतं, पुन्हा वाचता येतं. माणसाचं आयुष्य बदलून दाखवलं तर बदललेलंच लोकांच्या मनात राहतं, कारण मूळ वाचायला कोणी जात नाही. शांतारामांचा हेतू थोर होता, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या देशाला नायक हवा होता, हे सगळं मी मान्य करतो. तरी लस शोधणाऱ्या चमत्कारी नायकापेक्षा, झटके येत असताना जखमी सैनिकांच्या पायातल्या गोळ्या काढत बसलेला सोलापूरचा मुलगा मला मोठा वाटतो. तो आपल्या हातून निसटला. पती गमावून, पुढे मुलगाही गमावून सत्तर वर्षं ते नातं जपणारी बाई पडद्यावरच्या शेवटापेक्षा किती तरी मोठी आहे. खऱ्या माणसावर चित्रपट करताना प्रसंग गाळावेत, काळ आखडावा, संवाद रचावेत. त्याने न केलेलं काम त्याच्या नावावर लावू नये.

या अंकातल्या सगळ्या लेखकांना माझी ही मतं मान्य नाहीत. फेणे मोठा झाला हे उत्तमच झालं असं सांगणारा एक लेख विशेष विभागात पहिलाच आहे, तो आवर्जून वाचा. 

वाचकांना एक विनंती. या विषयावर पत्र जरूर लिहा, पण त्यात पुस्तकातला नेमका प्रसंग आणि पडद्यावरचा नेमका प्रसंग, दोन्ही लिहा. आणि घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल, तर त्याला पुस्तक वाचायला द्या, चित्रपट दाखवा, आणि त्याचं मत त्याच्याच अक्षरात आम्हाला पाठवा. पुढच्या दिवाळीत मुलांची पत्रं आम्ही सर्वांत आधी छापू.

शुभ दीपावली.

– संपादक, सोलापूर