ऑगस्टचे भाकीत, बदलापूरची उधारी

खास प्रतिनिधी, बदलापूर

ऑगस्टच्या मध्यावर इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगचा नवा हंगाम सुरू होतो आणि त्याची चाहूल कल्याणच्या पुढे धावणाऱ्या लोकलमध्येही लागते. शनिवारी दुपारी तीन वाजता तेथे सुरू होणारा सामना भारतीय वेळेनुसार सायंकाळी साडेसातचा असतो. मुंबईतील कामावरून सुटलेला नोकरदार त्या सुमारास विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ मागे टाकत बदलापूरकडे निघालेला असतो. गंमत अशी की, मैदानांवरील गर्दी घटू नये म्हणून दुपारी तीनचे हे सामने खुद्द इंग्लंडमध्ये थेट दाखवले जात नाहीत. येथे ते मोबाइलवर दिसतात आणि त्याच मोबाइलवर टेलिग्रामच्या गटांमधून ‘आजचा खात्रीचा निकाल’ही येऊन पडतो.

या खात्रीची किंमत काय, हा प्रश्न केवळ खेळाचा राहिलेला नाही. क्रिकेट सट्ट्याच्या संदर्भात उल्हासनगरचे नाव वर्षानुवर्षे पोलिसांच्या कारवायांत येत राहिले आहे. मार्च 2023 मध्ये मुंबईतील एका गाजलेल्या लाच व खंडणी प्रकरणात अटक झालेला कथित बुकीही याच शहरातला होता. क्रिकेटसाठी उभी राहिलेली आयडी, पॅनल आणि वसुलीची यंत्रणा फुटबॉलसाठी वेगळी उभारावी लागत नाही. आयपीएल संपल्यावर जे दोन-अडीच महिने ओस जातात, त्यानंतर लगेच येणारा इंग्लिश हंगाम या धंद्याला आयताच मिळतो.

मुळात हंगामाच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांतील भाकिते सर्वांत ठिसूळ असतात. संघ नुकतेच सरावदौऱ्यांवरून परतलेले असतात. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत बहुधा सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालते, म्हणजे पहिल्या सामन्यातील आघाडीचा खेळाडू चौथ्या सामन्यात दुसऱ्याच संघाकडून खेळत असतो. दुसऱ्या श्रेणीतून बढती मिळालेल्या तीन संघांचा वरच्या श्रेणीतील अलीकडचा हिशेब कोणाकडेच नसतो. ज्या आकडेवारीवर अंदाज बांधायचा, ती गेल्या हंगामाची, वेगळ्या खेळाडूंची, कधी वेगळ्या प्रशिक्षकाची असते.

उदाहरणे शोधायला दूर जावे लागत नाही. ऑगस्ट 2016 मध्ये आदल्या हंगामातील विजेत्या लेस्टर सिटीला पहिल्याच दिवशी हल सिटीने 2-1 असे हरवले. जेमतेम तेरा तंदुरुस्त ज्येष्ठ खेळाडू हाताशी असलेल्या या नव्या संघाने दुसरा सामनाही जिंकला. त्याच हंगामाच्या अखेरीस हल अठराव्या स्थानी राहून खालच्या श्रेणीत गेला. 2017 मध्ये क्रिस्टल पॅलेसने पहिले सातही सामने एकही गोल न करता गमावले आणि शेवटी अकरावे स्थान पटकावले. 2021 मध्ये आर्सेनलने पहिले तीन सामने गमावले, शेवट पाचव्या स्थानावर केला. अगदी अलीकडचे पाहायचे तर 2025-26 मध्ये गतविजेत्या लिव्हरपूलने लीगमधील पहिले पाच सामने जिंकले तेव्हा जेतेपद पुन्हा त्यांचेच, असे लिहिले-बोलले जात होते. पुढच्या सात सामन्यांपैकी सहा त्यांनी गमावले.

मात्र या साऱ्यांत सर्वाधिक बोलके उदाहरण ऑगस्ट 2022 चे आहे. मँचेस्टर युनायटेडसारखा मातब्बर संघ पहिल्या सामन्यात घरच्या मैदानावर ब्रायटनकडून 1-2 असा हरला आणि आठवड्याने ब्रेंटफोर्डने त्याचा 4-0 असा धुव्वा उडवला. ब्रायटनचे मालक टोनी ब्लूम आणि ब्रेंटफोर्डचे मालक मॅथ्यू बेनहॅम या दोघांनीही पैसा मिळवला तो फुटबॉलवरील पैजांच्या गणितातून. बेनहॅम एकेकाळी ब्लूम यांच्याकडेच कामाला होते. दोघांच्या स्वतंत्र कंपन्या आहेत आणि तेथे संख्याशास्त्रज्ञ हजारो सामन्यांचा कीस पाडतात. हे गणित नवे नाही. मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये गोलसंख्येचा अंदाज बांधणारी पद्धत शोधनिबंधात मांडली होती आणि आजची बरीच प्रारूपे तिच्याच वाटेने जातात. भाकीत हा ज्यांचा खरोखर धंदा आहे, ती माणसे अशी आहेत. आपले भाकीत ती कोणाला फुकट पाठवत नाहीत. आणि तरीही त्या दोन पराभवांवरून युनायटेडबद्दल निष्कर्ष काढणारे फसलेच असते. तिसऱ्या सामन्यात युनायटेडने लिव्हरपूलला 2-1 असे नमवले आणि हंगाम तिसऱ्या स्थानावर संपवला.

भाव कसा ठरतो, हे समजून घेतले की भाकिताचे बाकीचे वलय आपोआप गळते. समजा, एका सामन्यात यजमानांचा भाव 2.10, बरोबरीचा 3.40 आणि पाहुण्यांचा 3.60 आहे. यजमानांवर शंभर रुपये लावले आणि ते जिंकले तर 210 रुपये परत, असा त्याचा अर्थ. या तीन भावांतून दिसणाऱ्या शक्यता अनुक्रमे 47.6, 29.4 आणि 27.8 टक्के होतात. त्यांची बेरीज शंभर यायला हवी, ती येते जवळजवळ 105. वरचे पाच बुकीचे. सामना कोणीही जिंकला तरी सर्व बाजूंना प्रमाणात पैसा लागलेला असेल, तर त्याची कमाई ठरलेली असते. संघातील दुखापती, प्रशिक्षकाचा बदल, पाऊस, प्रवास या सर्व गोष्टी त्या भावात आधीच धरलेल्या असतात. त्यामुळे ‘यजमान जिंकणार’ हे भाकीत खरे ठरणे पुरेसे नाही. ते भावाने दाखवलेल्या शक्यतेपेक्षा अधिक वेळा खरे ठरले पाहिजे. टेलिग्रामवरील एकाही ‘खात्री’त हा फरक सांगितलेला नसतो.

अनेक सामन्यांची साखळी लावण्याचा मोह याहून घातक. पाच बलाढ्य संघ, प्रत्येकाचा भाव दीड. पाचही जिंकले तर शंभराचे साडेसातशेहून अधिक मिळतात. कागदावर हे सोपे वाटते. परंतु प्रत्येक सामन्यात बुकीचे पाच टक्के धरले, तर पाच सामन्यांच्या साखळीत ते वाढत सुमारे 22 टक्क्यांवर जातात. म्हणजे सरासरीने शंभर रुपयांतील 78 परत येतात. दहा वेळा खेळले तर सुमारे नऊ वेळा पूर्ण रक्कम बुडते आणि दहाव्या वेळचा विजय मात्र मित्रांच्या गटात महिनाभर फिरतो.

खात्री विकणाऱ्याचे गणित वेगळेच असते. आठशे जणांपैकी चारशेंना एक संघ जिंकणार असे कळवायचे, उरलेल्या चारशेंना दुसरा. ज्यांचे बरोबर आले त्यांना पुढच्या आठवड्यात पुन्हा अर्धे-अर्धे वाटायचे. निकाल बरोबरीत सुटला नाही तर तीन आठवड्यांनी शंभर जण असे उरतात, ज्यांच्या लेखी हा माणूस एकदाही चुकलेला नाही. चौथ्या आठवड्यात पैसे मागितले जातात ते या शंभरांकडे. दुसरा प्रकार दलालीचा. परदेशी संकेतस्थळावर गिऱ्हाईक नेऊन दिल्याबद्दल त्याच्या तोट्यातील टक्का भाकीतकाराला मिळतो. ज्याचा सल्ला ऐकून आपण पैसे लावतो, त्याचे उत्पन्न आपल्या हरण्यावर अवलंबून असते. उलट सातत्याने जिंकणाऱ्याची मर्यादा घटवण्याची पद्धत ब्रिटनमधील परवानाधारक कंपन्यांतही आहे.

मुंबई परिसराला हा खेळ अनोळखी नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या-बंद होत्या भावांवर येथे आकडा लागत असे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते दर येणे थांबले तेव्हा कल्याणजी भगत आणि पुढे रतन खत्री यांनी मटक्याला नवे रूप दिले. (‘कल्याण’ मटक्याचे नाव कल्याण शहरावरून नव्हे, या कल्याणजींवरून पडले, हे कल्याण-बदलापूर पट्ट्यातही अनेकांना ठाऊक नसते.) आकडा ज्या दूरच्या बाजारावर लावायचा, त्या बाजाराशी गिरणी कामगाराचा काडीचा संबंध नव्हता. आजच्या तरुणाचा बर्नली किंवा बोर्नमथशी असलेला संबंध त्याहून फार दाट नाही. मटक्यालाही ‘गेसिंग’ सांगणारे होते, जुन्या आकड्यांचे तक्ते होते. फरक इतकाच की मटक्याचा दिवस उघडण्या-मिटण्याच्या दोन आकड्यांत संपत असे. फुटबॉलवर सामना चालू असतानाही पुढचा कॉर्नर, पुढचे पिवळे कार्ड, पुढचा गोल यांवर डाव लावता येतो.

कायद्याची बाजू ऑगस्ट 2025 मध्ये बदलली आणि योगायोगाने ती इंग्लिश हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यातच बदलली. हंगाम 15 ऑगस्टला सुरू झाला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी घालणारे विधेयक 20 तारखेला लोकसभेत आणि 21 ला राज्यसभेत मंजूर झाले. 22 ला राष्ट्रपतींनी त्यावर स्वाक्षरी केली, त्याच रात्री दुसऱ्या फेरीत चेल्सीने वेस्ट हॅमला 5-1 असे लोळवले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे व पन्नास लाख, अशी तरतूद या कायद्यात आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ड्रीम इलेव्हनसारख्या कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा तत्काळ बंद केल्या. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

बंदीमागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु तिचा पहिला फटका बसला तो कर भरणाऱ्या, पत्ता असलेल्या कंपन्यांना. व्हॉट्सअॅपवर मिळणाऱ्या आयडीला ना पत्ता, ना कर. महादेव अॅप प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाने 2023 मध्ये जे चित्र मांडले, ते नमुनेदार आहे : सूत्रे दुबईत आणि भारतात जागोजागी 70-30 च्या वाटणीने दिलेली पॅनल. विधी आयोगाने जुलै 2018 च्या 276 व्या अहवालात सुचवले होते की, बेकायदा सट्टा पूर्ण रोखता येत नसेल तर त्याचे कडक नियमन हाच व्यवहार्य मार्ग आहे. त्या सूचनेवर गंभीर चर्चा झालीच नाही. ज्या देशात 1961 पासून पैजांची दुकाने कायदेशीर आहेत, त्या इंग्लंडनेही नियमनाने सारे साधले असे नाही. प्रीमियर लीगच्या क्लबांनी जर्सीच्या छातीवरील जुगार कंपन्यांची नावे 2025-26 च्या हंगामानंतर काढण्याचे एप्रिल 2023 मध्ये ठरवले, पण बाह्यांवरील जाहिरातींना त्यातून वगळले. त्याच वर्षी ब्रेंटफोर्डचा आघाडीपटू इव्हान टोनी याच्यावर पैजांच्या नियमांचा 232 वेळा भंग केल्याबद्दल आठ महिन्यांची बंदी आली. खेळाडूच जेथे आवरत नाही, तेथे प्रेक्षकाचे काय, असा प्रश्न तेथेही विचारला गेला.

बदलापूरच्या दृष्टीने खरा प्रश्न उधारीचा आहे. परवानाधारक कंपनीत आधी पैसे भरावे लागतात. स्थानिक बुकीकडे पत असते. आठवडाभर खेळायचे, सोमवारी हिशेब. ऑगस्टच्या चार आठवड्यांत ही रक्कम पगाराच्या कितीतरी पुढे जाऊ शकते. भारतीय करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचा करार शून्य ठरतो. जिंकलेला पैसा न्यायालयात मागता येत नाही. जुन्या मुंबई प्रांतात तर 1865 च्या कायद्याने पैजेसाठी केलेले आनुषंगिक व्यवहारही तसेच शून्य ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने 1959 च्या घेरूलाल पारख खटल्यात या फरकाची दखल घेतली आहे. म्हणजे महाराष्ट्रात जिंकणाऱ्याला दाद नाही, तशीच पैजेची उधारी वसूल करायला बुकीलाही न्यायालय नाही. कर्जदाराच्या बाजूने असलेली ही तरतूद घराच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसापुढे मात्र निरुपयोगी ठरते, कारण ज्याला दिवाणी दावा लावता येत नाही, तो वसुलीसाठी दुसरा मार्ग धरतो. खेळणाऱ्याला नव्या केंद्रीय कायद्याने पीडित मानले आहे. तरी पोलीस ठाण्यात जाऊन ‘मी पैज हरलो आणि आता धमक्या येत आहेत’ असे सांगण्याचे धैर्य कितीजण दाखवतील? राज्याच्या 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात तर अड्ड्यावर खेळताना सापडलेल्यालाही शिक्षा आहे. दोन कायदे दोन भाषा बोलतात, आणि या गोंधळाचा फायदा वसुली करणाऱ्याला होतो.

या उधारीची फेड कधी कधी पैशांऐवजी बँक खात्याने होते. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड काही महिन्यांसाठी द्यायचे, बदल्यात देणे माफ. त्या खात्यातून दुसऱ्याच कोणाचे, बहुधा फसवणुकीचे पैसे फिरतात. फसवला गेलेला माणूस 1930 या क्रमांकावर तक्रार करतो, पैशांचा माग काढत पोलीस त्या खात्यापर्यंत येतात, खाते गोठवले जाते. कागदोपत्री नाव असते ते खातेदाराचे, आणि चौकशीची पहिली नोटीस त्याच्याच पत्त्यावर येते.