जुन्या जीपचें सुकाणू

आमच्या वाड्याच्या पडवीशेजारीं १९६८ सालची एक जीप उभी असते. ती विकून टाकावी, असें घरांतील तीन बिऱ्हाडांचें मत आहे. चौथें बिऱ्हाड आमचें. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस कोंकणांतून करूळ घाट चढून गगनबावड्यास आलों आणि कोल्हापूरच्या वाटेस लागलों, तोंच एका खड्ड्यांत पुढचें चाक आपटलें. त्यासरशी पुढचीं दोन्ही चाकें थडथड कांपूं लागलीं, सुकाणूचें चक्र हातांत ठरेना, आणि गाडी उभी राहीपर्यंत तें थैमान शमलें नाहीं. मागें थोरल्या वहिनी व दोन मुलें बसलीं होतीं. हेंच घाट उतरतांना झालें असतें तर, हा विचार आम्हांपैकीं कोणीहि बोलून दाखविला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं ज्या मिस्त्रींना गाडी दाखविली त्यांनीं सांगितलें कीं, सुकाणूच्या पेटीचा स्क्रू आवळला म्हणजे खेळ जाईल. काम अर्ध्या तासाचें, खर्च चहापाण्याचा! घरांत सर्वांस हा उपाय पटला. पटला नाहीं तो आमच्या धाकट्या काकांना. त्यांचें उभें आयुष्य उद्यमनगरांत लेथवर गेलेलें. “खेळ पेटींतच आहे हें पाहिलें कोणी?” असें म्हणून ते गाडीखालीं पाठीवर निजले व आम्हांस म्हणाले, “तूं चक्र नुसतें बोटभर इकडेतिकडे हलव. चाकें जमिनीवरच राहूं देत.”

ज्या वाचकांच्या दारीं जुनी गाडी असेल त्यांनीं ही परीक्षा अवश्य करून पाहावी. ह्या जीपची रचना दुसऱ्या महायुद्धांतील अमेरिकन जीपवरून आलेली. पेटीचा दांडा एका लांब सळईस ढकलतो; ती सळई पुढच्या आंसावरील बेलक्रँक नांवाचा तुकडा फिरविते; आणि त्यापासून निघालेले दोन टायरॉड दोन चाकांस वळवितात. सांधे पुष्कळ, झीज प्रत्येकांत केसाएवढी, पण बेरीज होते ती चक्रावर. काकांना दिसलें तें असें : पेटीचा दांडा चक्राबरोबर तत्काळ हलत होता, सळईच्या टोकाशीं किंचित् विलंब, बेलक्रँकची पिन तर चक्क डुलत होती. म्हणजे बिचारी पेटी निरपराधी! ती आवळली असती तर चक्र जड झालें असतें, आणि त्या जडपणालाच आम्ही दुरुस्ती समजलों असतों.

मग चाक जॅकवर उचलून वरखालीं धरून हलविलें. ब्रेक दाबतांच ही हालचाल थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगांत; न थांबली तर किंगपिनकडे. आमची थांबली नाहीं.

बेलक्रँकचे बुश उद्यमनगरांत एका दुपारीं कातून मिळाले. ओतकाम आणि कातकाम ह्यांत आमच्या गांवाचा हात धरणारे थोडे, याचा आम्हांस अभिमान आहे. पण त्याच अभिमानानें एके ठिकाणीं घात केला असता. टायरॉडच्या टोकाचा झिजलेला गोळा वेल्डिंगनें भरून पुन्हा कातून देतों, अशी सूचना आली. काका प्रथमच रागावले. त्या उष्णतेनें पोलादाचें पाणी जातें, मानेशीं बारीक चीर पडूं शकते, व गोळा वाटींतून सुटला कीं तें चाक कोणाचेंच ऐकत नाहीं. चारहि टोकें नवींच आणलीं. सळईंतील स्प्रिंगा, वाट्या आणि किंगपिनचीं बेअरिंगेंहि. नटांतील दुहेरी पिनासुद्धां जुन्या वापरल्या नाहींत.

जुनीं टोकें काढण्यापूर्वीं किती आटे आंत आहेत तें मोजून भिंतीवर खडूनें लिहून ठेवलें होतें. तरीहि शेवटीं पुढच्या चाकांचें माप नव्यानें घ्यावेंच लागलें. पुढच्या बाजूचें अंतर मागच्यापेक्षां एकदोन मिलिमीटरच कमी हवें. काकांनीं तें दोरी सोडून साध्या पट्टीनें, तीन वेळां, घेतलें.

दिवाळींत पुन्हा करूळ घाटानें कोंकणांत उतरलों. जीप विकण्याचा विषय या खेपेस निघाला नाहीं. थोरल्या वहिनी मात्र मागें न बसतां आमच्या शेजारीं पुढें बसल्या, आणि पहिल्या चार वळणांपर्यंत आमच्या हातांकडे पाहत होत्या.