पाहिजे: ‘आज नको’ म्हणणारा गाईड

गेले तीन विकांत इथे काही लिहिलं नाही. कारण विचाराल तर उजव्या गुडघ्याला पडलेले सात टाके. (गुडघ्याने कोणी टाईप करत नाही हे मान्य. पण डोकं तापलेलं असताना लिहू नये असं आई म्हणते, म्हणून टाके निघेपर्यंत थांबलो.) आता टाके निघाले, राग काही निघाला नाही. सबब हा लेख.

तर झालं असं की आमच्या हापिसातल्या ग्रुपवर एक पोस्टर आलं. ‘नाशिक ते हरिहरेश्वर, कोस्टीअरिंग ॲडव्हेंचर, एक्स्पर्ट गाईडसह, फक्त २४९९’. खाली हेल्मेट घातलेल्या गोऱ्या पोरांचा उडी मारतानाचा फोटो. कोस्टीअरिंग म्हणजे समुद्रकाठच्या खडकांवरून, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातून चढत, उतरत, पोहत, मध्येच पाण्यात उडी टाकत कडेकडेने जायचं. शब्द तिकडचाच, १९७३ सालच्या, सागरी कड्यांवर चढण्याबद्दलच्या एका पुस्तकातला. गाईड घेऊन, पैसे भरून करायचा प्रकार म्हणून तो १९८० च्या दशकात वेल्समधल्या पेंब्रोकशरच्या किनाऱ्यावर सुरू झाला.

आपल्याकडे हेच पिढ्यान् पिढ्या चालू आहे. फक्त आपण त्याला प्रदक्षिणा म्हणतो. हरिहरेश्वराच्या देवळामागून डोंगराच्या फटीतून पायऱ्या खाली उतरतात आणि तुम्ही थेट समुद्राच्या तोंडाशी येता. डाव्या-उजव्या हाताला लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने पोखरलेला, मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलेला कातळ. पायाखाली लाटांनीच तासलेला खडकाचा ओटा. त्या ओट्यावरून डोंगराला वळसा घालून परत यायचं. पेशव्यांचं कुलदैवत हे. (भट घराणं श्रीवर्धनचं, आणि पहिले बाजीराव जन्मले आपल्या सिन्नरजवळच्या डुबेऱ्यात, म्हणजे नाशिकचं आणि त्या किनाऱ्याचं नातं जुनंच. असो.) वाट सुंदर आहे यात वादच नाही. पण ती ओहोटीची वाट आहे. भरतीला ती नसतेच. या वाटेवरून लाटेने माणसं ओढून नेलेली आहेत, आणि हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

आम्हाला माहीत नव्हतं. नाशिककराची पाण्याची अक्कल म्हणजे दुतोंड्या मारुती. गोदेला पूर आला की पाणी मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याला लागलं, यावरून आपण पूर मोजतो. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं तेही दुपारपर्यंत सगळ्या ग्रुपांवर आलेलं असतं. पाणी वरून येतं आणि खाली जातं. समुद्राचं पाणी कोणी सोडत नाही आणि तिथे मारुतीही नाही.

शुक्रवारी रात्री दहाला मुंबई नाक्यावरून बस निघाली. आम्ही ३८ जण. पनवेल, माणगाव करत सकाळी पोचलो, पोहे खाल्ले, आणि साडेदहाला पायऱ्यांच्या तोंडाशी उभे. हेल्मेटं दहा, लाईफ जॅकेटं बारा. ‘आळीपाळीने घालायची, फोटो सगळ्यांचे येतील’ असं सांगण्यात आलं. (हे वाक्य मी बनवलेलं नाही.)

पोहे ज्यांच्याकडे खाल्ले त्या काकू पातेलं धुता धुता म्हणाल्या, "आत्ता नको जाऊ हां. पाणी भरतंय. साडेचारनंतर जा, अख्खी वाट मोकळी मिळेल."

आमचा गाईड म्हणाला, "काकू, साडेतीनला आम्हाला दिवेआगरला निघायचंय."

"मग इथूनच नमस्कार करा आणि जा."

सगळे हसले. मीही हसलो.

आता त्या गाईडबद्दल. पोरगा वाईट नव्हता. हरिहर गडाच्या त्या उभ्या पायऱ्यांवर त्याने शेकडो लोकांना चढवून उतरवलंय, माझ्या एका घाबरट मित्रालाही. कुठल्या पायरीला खोबणी कुठे आहे हे त्याला झोपेत विचारा. पण हरिहर जागचा हलत नाही हो! आज जी पायरी आहे ती उद्या सकाळी नऊलाही तिथेच असते. समुद्रकाठची वाट दिवसातून दोनदा गायब होते, आणि रोज पाऊण तासाने वेळ बदलून गायब होते. हरिहरचा तज्ज्ञ हरिहरेश्वरला आणला तर तो तज्ज्ञ राहात नाही, तो फक्त आपल्यापेक्षा जास्त आत्मविश्वास असलेला पर्यटक होतो.

पायऱ्या संपल्या तिथे तो थांबला. समोर ओट्यावर पाणी चढत होतं, मध्ये मध्ये खडक दिसत होता. त्याने वळून आमच्याकडे पाहिलं. ते पाहणं मला अजून आठवतं, कारण तो घाबरला होता आणि कोणीतरी ‘राहू दे’ म्हणावं याची वाट पाहात होता. आम्ही काय म्हटलं? "चला चला, पैसे वसूल!" मी पण ओरडलो. रात्रभर बसमध्ये कंबर मोडून घेतल्यावर पायऱ्यांवरून परत फिरायचं कोणाच्या मनात होतं?

पुढचं थोडक्यात सांगतो. त्याने पहिल्या आठ जणांना एका दोरीत ओवलं (उसळत्या पाण्यात माणसं एकमेकांना बांधायची नसतात, एक पडला की सगळे पडतात, हे मला नंतर कळलं, त्याला आधी कळायला हवं होतं). दहाएक पावलांवर एक लाट कमरेपर्यंत आली. ती आली तेव्हा काही वाटलं नाही, परत जाताना मात्र तिने पायाखालचं सगळं ओढून नेलं. तिघे पडलो. मी कालवांच्या धारेवरून चार-पाच फूट घासत गेलो. आमच्या टेस्टिंग टीममधली एक मुलगी दोन खडकांच्या फटीत अडकली, दोरी तिच्या मानेपाशी आलेली. वर कोकम सरबत विकणारा एक पोरगा उडी मारून खाली आला आणि त्याने कोयत्याने दोरी कापली. नाव विचारायचंही भान कोणाला राहिलं नाही. त्याचे आम्ही २४९९ मधले किती दिले? शून्य. सरबताचे पैसेही दुसऱ्याच कोणीतरी दिले म्हणे.

घरी आल्यावर पाय उशीवर ठेवून मी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय मागवलं. त्या शनिवारी चतुर्दशी होती. कोकणात दर्यावर जाणाऱ्या माणसाचा एक साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे वर्षातल्या सगळ्या शनिवारांमधून, दिवसाच्या सगळ्या तासांमधून, आम्ही भर भरतीची वेळ शोधून काढली होती. त्यात पौर्णिमा दुसऱ्या दिवशी, म्हणजे उधाणाचे दिवस, पाणी नेहमीपेक्षा वर. हे कळायला सॅटेलाईट लागत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर आणि चौथीचं गणित पुरतं. भरती-ओहोटीचे तक्तेही मोबाईलवर फुकट आहेत. पोस्टरवर सूर्यास्ताची वेळ होती (फोटोसाठी), ओहोटीची नव्हती.

आता माझं म्हणणं. ‘गाईड’ म्हणजे वाट दाखवणारा, हा अर्थ समुद्रकाठी चालत नाही. वाट तिथे कोणालाही दिसते. तिथे गाईड म्हणजे ज्याला ‘आज नको’ म्हणायचा अधिकार आहे तो माणूस. हा अधिकार नसेल तर त्याला गाईड म्हणू नका, त्याला बसमधला हजेरी मास्तर म्हणा. आणि हा अधिकार त्याला कोण देत नाही? आयोजक देत नाही, कारण परतीची बस, दिवेआगरचं जेवण सगळं ठरलेलं. आणि आपण देत नाही, कारण ‘ट्रिप कॅन्सल केली, रिफंड दिला नाही, एक स्टार’ हे आपलंच लेखन. गंमत म्हणजे आपल्या धंद्यात आपण हे शिकलोय. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर काही टाकायचं नाही म्हणून रिलीज मॅनेजर अडून बसला तर आपण मनातून त्याचे आभार मानतो. तिथे फार तर सर्व्हर पडतो.

लोक म्हणतील, ‘साहस म्हटलं की धोका आलाच.’ आलाच की! पण धोका मी समजून पत्करला तर ते साहस. मला तो आहे हेच माहीत नसेल तर ती फसवणूक.

दुसरे म्हणतील, ‘बंदी घाला.’ तेही होतं. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण गेले. अशा प्रत्येक वेळी बंदीची चर्चा होते, आदेश निघतात; पूर्वी कलम १४४, आता नव्या संहितेत १६३. बंदीला ओहोटी कळत नाही. ती साडेदहालाही असते आणि साडेचारलाही, म्हणून ती कोणी पाळत नाही. राज्य सरकारचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ पासून आहे, त्यात आयोजकांनी नोंदणी करायची आहे. त्या पोस्टरवर नोंदणी क्रमांक होता का? पैसे भरताना मी बघितलं नाही. तुम्ही शेवटचं कधी बघितलं होतं?

तिकडचे लोक जन्मतः शहाणे होते असंही नाही. २२ मार्च १९९३ ला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लाईम बेमध्ये, शाळेच्या कयाकिंग सहलीतली चार मुलं गेली. त्याच्या आदल्या वर्षी त्या केंद्रातल्या दोन प्रशिक्षकांनी, इथली सुरक्षा सुधारा नाहीतर कोणाचा तरी जीव जाईल अशा अर्थाचं पत्र व्यवस्थापनाला दिलं होतं आणि नोकरी सोडली होती. ‘आज नको’ म्हणणारे दोघे निघून गेले आणि केंद्र चालूच राहिलं. खटला झाला, कंपनी दोषी ठरली, तिचा संचालक तुरुंगात गेला, आणि १९९५ मध्ये मुलांना अशा साहसांना नेणाऱ्या केंद्रांसाठी परवान्याचा कायदा आला.

आपल्या किनाऱ्यावर ते दोघे प्रत्येक गावात आहेत. पोहे करणाऱ्या काकू आहेत, सरबतवाला पोरगा आहे, होडी ओढणारे कोळी आहेत. त्यांना दोरी, जॅकेट, प्रथमोपचाराचं शिक्षण द्या, कारण नुसती माहिती असून भागत नाही, तोही माणूस चुकतो. पण २४९९ मधले हजार त्यांना द्या, आणि जायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. बसमधल्याने बिस्लेरी मोजावी.

मी परत जाणार आहे, या वेळी सातच जण, बस नाही. मोठ्या ऐटीत हिशेब केला: अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे ओहोटी भर दुपारी बाराला, सोयीची वेळ. काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अष्टमीला ओहोटी बाराला होते खरी, पण ती भांगाची. पाणी लांब जात नाही. द्वादशी-त्रयोदशीला ये, तीनच्या पुढे. आणि आदल्या रात्री फोन कर, वारा कसा आहे ते सांगते."