जुनी गाडी घेताना आधी चासी नंबर विचारा



उसाच्या बिलाचा हप्ता बँकेत जमा झाला की गावोगावी दोन गोष्टींची बोलणी सुरू होतात. एक लग्नाची आणि दुसरी गाडीची. त्यात वावगे काही नाही. ज्याने वर्ष-दीड वर्ष ऊस पोसला, रात्री-अपरात्री पाणी धरले, त्याने म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायला चार चाकांची गाडी घेतली तर कोणाच्या पोटात दुखण्याचे कारण नाही. नवी परवडत नाही, म्हणून पाच-सात वर्षे चाललेली, चार मीटरच्या आतली, पण खड्ड्यांतून जाईल अशी उंच एसयूव्ही घेण्याकडे आपल्या मंडळींचा ओढा आहे. हा हिशेबही चुकीचा नाही. आमचे म्हणणे एवढेच, की बैल घेताना दात मोजणारा आणि चाल बघणारा शेतकरी गाडी घेताना मात्र पॉलिश बघून इसार देऊन मोकळा होतो.

गाडी किती पळाली, टायर कसे आहेत, विमा आहे का, हे सगळे विचारतात. पण एक प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. तो म्हणजे, या गाडीला कंपनीने कधी परत बोलावले होते का, आणि बोलावले असेल तर ते काम झाले का?

यालाच रिकॉल म्हणतात. एखाद्या मुदतीत बनलेल्या गाड्यांत जीवाला धोका होईल असा दोष सापडला, की कंपनी त्या गाड्या बोलावून तो भाग फुकट तपासून किंवा बदलून देते. आपल्या देशात वाहन उत्पादकांच्या संघटनेने जुलै 2012 पासून ही प्रथा स्वेच्छेने सुरू केली. तेव्हापासून नावाजलेल्या बहुतेक कंपन्यांना तसे करावे लागले आहे. सप्टेंबर 2021 मध्ये मारुतीने 1,81,754 पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिटच्या तपासणीसाठी बोलावल्या, त्यांत विटारा ब्रेझा होती. जानेवारी 2023 मध्ये त्याच कंपनीने एअरबॅगच्या कंट्रोलरसाठी 17,362 गाड्या बोलावल्या, त्यांतही ब्रेझा होती. तो भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका, असे कंपनीनेच सांगितले होते. फोर्डने 2018 साली 4,379 इकोस्पोर्ट गाड्या पुढच्या चाकाच्या लोअर आर्मचे वेल्डिंग तपासण्यासाठी बोलावल्या. हे वेल्डिंग निकामी झाले तर स्टिअरिंगवरचा ताबा जाण्याची भीती असते.

ही नावे आम्ही कोणाची बदनामी करण्यासाठी देत नाही. उलट, चूक कबूल करून दुरुस्त करून देणारी कंपनी लपवाछपवी करणाऱ्यापेक्षा शतपटीने बरी. रिकॉल झालेली गाडी वाईट नव्हे. रिकॉल होऊनही काम न केलेली गाडी वाईट. हा फरक सभासदांनी ध्यानात घ्यावा.

गोम इथेच आहे. कंपनीचे पत्र किंवा फोन बहुधा तिच्या दप्तरात नाव असलेल्या पहिल्या मालकाला जातो. त्याने गाडी एजंटाला विकलेली असते, एजंटाने दुसऱ्याला, दुसऱ्याने आपल्याला. पत्र पुण्या-मुंबईच्या पत्त्यावर पडून राहते आणि गाडी आपल्या शिवारात फिरत राहते. त्यात आपण आरसी बुकावर नाव चढवण्यात चालढकल केली, तर सरकारच्या दप्तरीही आपला पत्ता नसतो. मग बोलावणार तरी कोणाला?

दुसरे उदाहरण पाहा. चेन्नईजवळ बनलेल्या इकोस्पोर्ट गाड्या अमेरिकेतही विकल्या गेल्या. तिथे डिसेंबर 2023 मध्ये एक लिटर इंजिनाच्या इकोस्पोर्ट आणि फोकस मिळून सुमारे 1 लाख 39 हजार गाड्यांचा रिकॉल जाहीर झाला. ऑइल पंप फिरवणारा पट्टा या इंजिनात तेलातच चालतो. तो झिजला किंवा त्याचा टेन्शनर तुटला की तेलाचा दाब जातो. दाब गेला की इंजिन गेले, आणि चालत्या गाडीत इंजिन गेले की ब्रेकही जड होतो. मिलच्या बेअरिंगचे तेल तुटले तर काय होते, हे आपल्या कामगार बंधूंना सांगायला नको. एक लिटर इंजिनाच्या इकोस्पोर्ट आपल्याकडेही विकल्या गेल्या आहेत. अमेरिकेतला रिकॉल इथे आपोआप लागू होत नाही, पण पट्ट्याची चौकशी करायला कोणी अडवलेले नाही. फोर्डने इथले उत्पादन थांबवण्याचे सप्टेंबर 2021 मध्ये जाहीर केले. तेव्हा अशी गाडी घेताना जवळचे वर्कशॉप किती कोसांवर आहे, हेही विचारावे.

कायदा आहे का? आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2021 पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम आले. ठराविक संख्येने तक्रारी जमल्या तर सरकार चौकशी करून रिकॉलचा हुकूम काढू शकते, आणि कंपनीला 1 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र हे नियम सात वर्षांच्या आतील वाहनांसाठी आहेत. शहरातला माणूस गाडी वापरून विकतो आणि आपण ती घेतो, तोवर ही मुदत संपत आलेली असते. म्हणजे ज्याला संरक्षणाची जास्त गरज, त्याच्याच दारात कायदा थांबतो. हे आम्हांस रास्त वाटत नाही. मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 भरताना रिकॉलचे काम पुरे झाल्याचा दाखला मागितला जावा. वाहनकर्ज देणाऱ्या पतसंस्थांनी तर सरकारची वाट न पाहता आजच हा नियम करावा. त्यांचाच पैसा त्या गाडीवर असतो.

तोवर आपले काम आपणच करावे. आरसी बुकावरचा सतरा अक्षर-आकड्यांचा चासी नंबर घेऊन कंपनीच्या शोरूमला जावे किंवा कंपनीच्या वेबसाइटवर तो टाकून पाहावा. शिकलेली पोरं घरात आहेत, दोन मिनिटांचे काम आहे. काम बाकी निघाले तर ते विकणाऱ्याकडून करून घ्यावे, मगच इसार द्यावा.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर कोणीतरी काहीतरी लपवले आहे असे समजावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. 2019 आणि 2021 च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी गाड्या बुडाल्या. बुडालेल्या गाडीचा गाळ पट्ट्याच्या टोकाला आणि सीटखालच्या वायरींत सापडतो, वरचे पॉलिश काहीही सांगो.

2020 नंतरची डिझेल गाडी घेणार असाल तर आणखी एक. तिच्या धुराड्यातली काजळीची जाळी साफ व्हायला अधूनमधून लांबचा, सलग रस्ता लागतो. रोज घर ते मळा एवढेच फिरणे असेल तर ती जाळी तुंबते आणि वर्कशॉपचे बिल चांगलेच येते. अशा वापराला पेट्रोल गाडी बरी.

इन्स्पेक्टरचा दाखला मिळाल्याशिवाय कारखान्याचा बॉयलर पेटत नाही. मोळी टाकण्याचा मुहूर्त टळला तरी चालेल, पण दाखला हवाच. जी काळजी आपण यंत्राजवळच्या कामगाराची घेतो, तीच आपल्या बायका-पोरांची घ्यायला नको काय?

तेव्हा बंधूंनो, गाडी जरूर घ्या. पण आधी चासी नंबर, मग इसार, आणि गाडी दारात आली की महिन्याच्या आत आरसी बुकावर आपले नाव.