न पाहता घेतलेले इंजिन

जुन्या स्पोर्ट्स कारचे इंजिन ऑनलाइन मागवावे असे म्हणणाऱ्यांची बाजू आधी पुरती मांडतो, कारण ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. डोंबिवलीतला एखादा तरुण दहा-बारा वर्षांची, तिसऱ्या मालकाकडची जर्मन किंवा जपानी गाडी हौसेने घेतो. मुंबईतल्या श्रीमंताला नकोशी झालेली ही गाडी साध्या नव्या मोटारीच्या किमतीत मिळते. पण तिचे इंजिन बसले की कंपनीचे वर्कशॉप नव्या इंजिनाचा जो आकडा सांगते, त्यात तशीच आणखी एक जुनी गाडी येईल. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ते इंजिन सापडत नाही, शीळफाट्याच्या गोदामांत सापडेल याची खात्री नाही. मोबाइलवर मात्र ते दिसते. भाव नव्याच्या चौथाई, चालू इंजिनाचा व्हिडिओ, वर ‘टेस्टिंग वॉरंटी’ आणि ट्रान्सपोर्टने घरपोच. शिवाय धडधाकट इंजिन भट्टीत वितळवण्यापेक्षा दुसऱ्या गाडीत चालले तर त्यात देशाचेही भलेच आहे. मग हरकत कशाला?

यातला शेवटचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. जुन्या इंजिनाला माझा विरोध नाही. शीळफाट्याच्या पट्ट्यात राहणारा माणूस जुन्या मालाला नाक मुरडूच शकत नाही. मुंब्र्याकडून, कल्याणकडून आणि महाप्याकडून येणारे रस्ते जिथे मिळतात, तिथे भंगाराची गोदामे आणि गॅरेजे पिढीभरापासून या जुन्या मालावरच उभी आहेत. ठाण्याची एमएच ०४, कल्याणची ०५, नवी मुंबईची ४३ आणि पनवेलची ४६ अशा चारही पाट्यांच्या गाड्या इथे दुरुस्तीला येतात. माझा विरोध आहे तो न पाहता, न उघडता, कुठल्या गाडीतून निघाले हे न विचारता इंजिन घेण्याला. इंजिनाचा दोष त्याच्या पोटात असतो आणि त्याची ओळख सरकारी दप्तरात असते. मोबाइलच्या पडद्यावर यातले एकही तपासता येत नाही.

व्हिडिओचेच घ्या. लाकडी घोडीवर ठेवलेले इंजिन अर्धा मिनिट सुरू होते, आवाज गोड येतो, आपण भुलतो. कोणत्याही जाणत्या मिस्त्रीला विचारा: इंजिनाचे आजार ते तापल्यावर आणि त्याच्यावर ओझे पडल्यावर बाहेर येतात. थंड इंजिनात जाड ऑइल आणि वर घट्टपणा आणणारे औषध ओतले की झिजलेल्या शेल बेअरिंगची ठकठक काही वेळ दबते. ऑइलचा दाब घसरतो तो तापल्यावर. टर्बोचा धूर चढावावर दिसतो, घोडीवर नाही. ‘फक्त चाळीस हजार किलोमीटर चाललेले’ हे वाक्य तर कशाच्याही आधारावर उभे नाही. किलोमीटरचा काटा गाडीत असतो, इंजिनाच्या ब्लॉकवर नसतो. गाडीपासून सुटलेले इंजिन किती चालले, हे फक्त विकणाऱ्याच्या तोंडी असते. आणि एका इंजिनाचा ब्लॉक, दुसऱ्याचे हेड असे जोडून उभे केलेले इंजिन फोटोत अखंडच दिसते.

साध्या गाडीपेक्षा स्पोर्ट्स कारच्या इंजिनात हा धोका कितीतरी मोठा. होंडाच्या एस २००० या गाडीचे मूळ दोन लिटरचे इंजिन मिनिटाला सुमारे ९,००० फेऱ्यांपर्यंत पळते. असे इंजिन आधीच्या मालकाने तापायची वाट पाहून पळवले की थंड असतानाच पिळले, ऑइल वेळेवर बदलले की नाही, यावर त्याचे उरलेले आयुष्य ठरते. बीएमडब्ल्यूच्या दहा सिलिंडरच्या एम ५ मध्ये क्रँकची शेल बेअरिंगे लवकर झिजतात, ही जगभरच्या मिस्त्रींना ठाऊक असलेली गोष्ट आहे. ऑइलमध्ये धातूची चमक दिसेपर्यंत बाहेरून काही कळत नाही. १९९७ नंतर काही वर्षे निघालेल्या पोर्शच्या बॉक्सस्टर आणि ९११ गाड्यांत मधल्या शाफ्टचे एक बेअरिंग फुटून अख्खे इंजिन निकामी झाल्याच्या तक्रारी अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेल्या. माझ्दाच्या आरएक्स ८ मध्ये तर पिस्टनच नाहीत, त्यामुळे तिचे कॉम्प्रेशन नेहमीच्या गेजने धड मोजताही येत नाही. विकणाऱ्याने ‘कॉम्प्रेशन ओके’ असे लिहिले, तर ते कशाने मोजले, हा पहिला प्रश्न विचारायला हवा.

आपल्या भागात याहून वाईट एक प्रकार आहे, पुरात बुडालेल्या इंजिनाचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. २०१९ मध्ये बदलापूर, सांगली, कोल्हापूर बुडाले, २०२१ च्या जुलैत चिपळूण. पुरात बुडालेल्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती पूर्ण नुकसानीत काढते आणि सांगाडा लिलावात जातो. यात बेकायदेशीर काही नाही. पण त्या सांगाड्यातले इंजिन धुऊन, पुसून, चंदेरी रंग मारून बाजारात येते तेव्हा पुराचा उल्लेख गळून पडतो. पाणी दाबले जात नाही. बुडालेल्या गाडीचा सेल्फ मारला की पाणी भरलेल्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी एखाद-दोन मिलिमीटरच. तेवढ्याने इंजिन बंद पडत नाही. ते सुरू होते, चालते, व्हिडिओही होतो. पुढे कधीतरी महामार्गावर, भर वेगात, तो रॉड तुटून ब्लॉकमधून बाहेर येतो. खाडीचे खारे पाणी शिरले असेल तर ॲल्युमिनियमचे हेड आतून पोखरले जाते, ते वेगळेच. गाडीत माझ्या-तुमच्या घरातली मुले बसलेली असतात, म्हणून या प्रकाराबद्दल मला राग आहे आणि तो लपवावासा वाटत नाही.

‘पण वॉरंटी आहे ना!’ असे कोणी म्हणेल. चार सिलिंडरचे इंजिन सव्वा ते दीड क्विंटल भरते. ते उतरवायला, बसवायला, वायरिंग आणि ईसीयू जुळवायला गॅरेज जी मजुरी घेते, ती कोणतीही टेस्टिंग वॉरंटी भरून देत नाही. पुष्कळ युरोपीय गाड्यांत चावी, ईसीयू आणि इमोबिलायझर एकमेकांशी बांधलेले असतात. नुसते इंजिन आणून ती गाडी सुरूच होत नाही, आणि विकणारा म्हणतो, ‘तुमच्या मिस्त्रीने बिघडवले.’ परतीचे भाडे कोणाचे, वाटेत फुटलेल्या ऑइल चेंबरची जबाबदारी कोणाची, यावर भांडायला हजार मैलांवर कोण जाणार? व्यवसाय म्हणून विकणाऱ्याविरुद्ध ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार आहे, ई-कॉमर्ससाठी २०२० चे नियमही आहेत. पण जाहिरातीतला ‘व्यक्तिगत विक्रेता’ व्यापारीच नाही असे ठरले, की तो आधार लुळा पडतो. आणि मुळात इंजिनच नसेल तर? लष्करी जवानाचे ओळखपत्र पाठवून विश्वास कमावायचा, खोटी बिल्टी धाडायची, ‘पैसे परत घ्यायला हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणायचे, ही फसवणूक महाराष्ट्रात घरोघर माहीत झाली तरी थांबलेली नाही. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो.

आता नंबराकडे येऊ. इथे प्रश्न पैशांपुरता राहत नाही. इंजिन क्रमांक आरसीवर छापलेला असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. बिघडलेल्या इंजिनाच्या जागी त्याच जातीचे दुसरे बसवता येते, पण नोंद करून. परवानगी आधी घेतली नसेल तर चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवावे लागते. म्हणजे साध्या होंडा सिटीत जपानहून आलेले दुप्पट ताकदीचे इंजिन बसवण्याचे जे स्वप्न ऑनलाइन विकले जाते, ते रस्त्यावर चालवायला बेकायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही ठेवले. आणि जपानहून आलेले म्हणजे कसे आलेले? वापरलेला माल, भांडवली यंत्रे सोडली तर, परवान्याशिवाय आयात करता येत नाही. न्हावा शेवा बंदर इथून दूर नाही, म्हणून कंटेनरमधून निघालेला माल आपोआप कायदेशीर होत नाही.

चोरीचा माल ही तिसरी शक्यता. मेरठचे सोतीगंज चोरीच्या गाड्या मोडण्यासाठी देशभर बदनाम होते. २०२१ च्या डिसेंबरात पोलिसांनी तो बाजार बंद केला. बाजार बंद झाला म्हणून धंदा बंद झाला असे मानणे भाबडेपणाचे आहे. क्रमांक घासला तरी ठोकताना खाली दबलेला धातू तसाच राहतो आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायन लावून तो आकडा पुन्हा उठवता येतो. असे इंजिन तुमच्या बॉनेटखाली सापडले की चोरीचा माल ठेवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तुम्हाला उत्तर द्यावे लागेल. ‘मला माहीत नव्हते’ हे म्हणणे खरे असले, तरी ते पटवून देईपर्यंत गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत राहते.

‘नंबर स्वच्छ आहे, कागदही आहे’ एवढ्यानेही निर्धास्त होता येत नाही. २०२० च्या डिसेंबरात मुंबई पोलिसांनी डीसी अवंती या भारतीय बनावटीच्या स्पोर्ट्स कारबद्दल गुन्हा नोंदवला. एकाच इंजिन आणि चॅसिस क्रमांकावर एकाहून अधिक राज्यांत नोंदणी झाली, असा पोलिसांचा आरोप होता. आरोपाचा निवाडा न्यायालयाचा. पण कारखान्यातून निघालेल्या नव्या गाडीच्या क्रमांकावरही अशी शंका उभी राहू शकते, तर व्हॉट्सॲपवर आलेल्या आरसीच्या फोटोवर किती भिस्त ठेवायची?

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. शीळफाट्याला फसवणूक होत नाही का? कुर्ल्याला सगळे सत्यवचनी बसलेत का? नाहीत. या गोदामांना वारंवार आगी लागतात, हिशेबाच्या वह्या कच्च्या असतात, पक्के बिल मागितले की चेहरे बदलतात. या पट्ट्याची भलामण मी करत नाही. फरक एवढाच, आणि तो निर्णायक आहे: इथे तुम्ही मिस्त्रीला सोबत नेऊ शकता, ऑइल चेंबर उघडायला लावू शकता, ब्लॉकवरच्या आकड्यावरून बोट फिरवू शकता आणि पटले नाही तर एक पैसा न देता परत येऊ शकता.

मग करावे काय? माझे पहिले उत्तर: आहे तेच इंजिन बांधा. आपल्याकडे ही विद्या आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीत लेथवर आयुष्य घातलेली माणसे आहेत. बोअरिंग, ओव्हरसाइज पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग ही कामे इथे दशकानुदशके होत आली. सुटे भाग जर्मनी-जपानहून नवे मागवावे लागले, वेळ लागला, तरी इंजिन क्रमांक तुमचाच राहतो, आरटीओत काही बदलावे लागत नाही आणि आत काय घातले हे तुम्हाला माहीत असते. ब्लॉकच फुटला असेल तेव्हाच दुसऱ्या इंजिनाकडे वळावे.

तेही शक्यतो अख्ख्या गाडीतून उतरवलेले. गाडी अपघाताची असली तरी चालेल. उलट मागून ठोकर बसलेल्या गाडीतले इंजिन पुष्कळदा उत्तम निघते. ते गाडीत असतानाच पुरते तापू द्या. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजा. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक पाहा, तो १० ते १५ टक्क्यांच्या पुढे असेल तर उठून चालू लागा. प्लगच्या भोकातून बोअरस्कोपचा कॅमेरा घालून भिंतीवर गंजाचे कडे किंवा ओरखडे आहेत का बघा. ऑइल फिल्टर कापून धातूची चमक शोधा. अल्टरनेटरच्या खाचेत वाळलेला गाळ दिसला तर ते इंजिन पुरातले समजा. ऑनलाइन जाहिरात पत्ता कळण्यापुरती वापरा, सौदा गोदामात करा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहन समन्वय यंत्रणेत क्रमांक चोरीच्या नोंदीत आहे का ते पाहता येते. मूळ गाडीची आरसी, विमा कंपनीचे विक्रीपत्र किंवा स्क्रॅपिंगचा दाखला, आणि इंजिन क्रमांक लिहिलेले जीएसटीचे बिल एवढे हातात आल्यावरच पैसे द्यावेत, तेही बँकेतून.

सरकारकडेही मागणी आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राला गाडी मोडण्याआधी ती चोरीची नाही ना हे तपासावे लागते. तेच इंजिन मोबाइलवर विकायला ठेवणाऱ्याला मात्र क्रमांकही द्यावा लागत नाही. क्रमांक दिल्याशिवाय आणि तो चोरीच्या नोंदीशी पडताळल्याशिवाय इंजिनाची जाहिरातच दिसू नये, एवढा एक नियम करायला अडचण कसली? शीळफाट्याच्या प्रामाणिक दुकानदारालाही तो हवाच असेल, कारण निनावी विक्रेत्याच्या भावाशी त्याला आज टक्कर द्यावी लागते.

तोवर काळजी आपली आपणच घ्यायची आहे. पैसे भरून फसला असाल तर लाजेने गप्प बसू नका. तासाभरातच १९३० वर फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते. आणि इंजिन दारात येऊन पडले, पण त्याचा क्रमांक घासलेला दिसला, तर ते गाडीत बसवू नका. शीळ-डायघर असो की मानपाडा, आधी पोलीस ठाण्यात जाऊन लेखी कळवा.