पहिले पाणी कोणाचे?

नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावून आपण ऊन पाण्याचे तांबे डोक्यावर घेतो आणि नरक चुकला असे समजतो. वाचकहो, ते पाणी आपल्या घंगाळात कोणत्या वाटेने आले, याचा एकदा तरी विचार करावा.

मी कामरगावचा शाळामास्तर. माझ्याच वाशिम जिल्ह्यातील कळंबेश्वर गावी २०१६ च्या दुष्काळात एका दलित मजुराच्या पत्नीला विहिरीवरून अपमान करून परत पाठविले. मजूर कोणाशी भांडला नाही. त्याने कुदळ उचलली. मजुरीच्या आधी ४ तास, मजुरीनंतर २ तास, असे ४० दिवस तो एकटा खणत राहिला. शेजारीपाजारी हसले, घरचेही हसले. अखेर पाणी लागले, आणि ते त्याने साऱ्या वस्तीला दिले.

आपण त्याचे कौतुक केले व वर्तमानपत्राची घडी घातली. मला त्या कौतुकाची लाज वाटते.

कोणी म्हणेल, विहीर खाजगी होती. जोतीराव फुल्यांचा हौदही खाजगीच होता. १८६८ साली त्यांनी तो अस्पृश्यांना खुला केला.

दुसरा म्हणेल, ही खेड्यातली गोष्ट. शहराच्या नळाला जात नसते. महाडला नगरपालिका होती ना? चवदार तळे खुले करण्याचा तिचा १९२४ चा ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारोंसह तेथे जाऊन पाणी प्यावे लागले, आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडले!

आज गावे वाढतात, नळ येतात. 'शिवू नको' असे आता कोणी उघड म्हणत नाही. ते काम नळाची लाइन करते. पूर्वजांनी जी वस्ती गावकुसाबाहेर ठेवली, तीच लाइनीचे शेवटचे टोक ठरते. वाटेत सुखवस्तू घरांचे टिल्लू पंप पाणी ओढून घेतात. टोकाला उरते फुसफुसणारी तोटी, आणि शाळा बुडवून हंडा धरून बसलेली पोर. माझ्या हजेरीपटावरील तिची गैरहजेरी मी आळसात कशी मोजू?

तेव्हा माझे मागणे साधे आहे. पंप जप्त करा, आणि पाणी सोडताना पहिली पाळी शेवटच्या वस्तीला द्या. आपली आंघोळ तासभर उशिरा झाली, तर नरकासुर काही पुन्हा जिवंत होणार नाही.